रामाकोन्याच्या अंगणातील चाकांचे घर

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता सावनेर सोडल्यावर महाराष्ट्राची हद्द केव्हा ओलांडतो, हे पाट्या वाचल्याखेरीज कळत नाही. पाट्या हिंदी होतात आणि मोटारींच्या क्रमांकातील अक्षरे बदलतात, एवढेच. घराघरांतून ऐकू येते ती मराठीच, तीही नागपुरी वळणाची. आणि संत्र्यांच्या बागा तर हद्दीच्या दोन्ही अंगांस सारख्याच. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला व सौंसर तालुका त्यात गेला. ते सौंसर मागे टाकून थोडे पुढे गेले की कन्हान नदीच्या काठचे रामाकोना लागते.

आम्ही तेथे गेलो ते २०२५ च्या फेब्रुवारीत. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाकडून निरोप आला होता की, मोठे काका जर्मनीहून आले आहेत, प्रकृती बरी नाही, फादरांनी एकदा येऊन जावे. आजाऱ्याकडे जायचे म्हणून आम्ही पवित्र तेलाची कुपी बरोबर घेतली आणि मनाची तशी तयारी करूनच निघालो. परंतु अंगणात पाऊल टाकले तो आजारी काका खाटेवर नव्हतेच. चिंचेखाली उभ्या असलेल्या एका करड्या मोटारीच्या दारात ते बसले होते. पाय खाली लाकडी पायरीवर सोडलेले, हातात चहाची कपबशी, आणि पाठीमागे मोटारीच्या पोटात गादी, कपाट, बेसिन व पडदे!

"या फादर, घरात या," असे म्हणून त्यांनी मोटारीकडेच हात केला.

काकांचा जन्म येथलाच. त्यांचे वडील छोट्या गाडीच्या रुळांवर गँगमन होते. काका नागपूरला मोतीबागच्या कारखान्यात फिटरचे काम शिकले, तेथून रुरकेल्याच्या पोलाद कारखान्यात गेले, आणि जर्मन कारागिरांच्या ओळखीने साठीच्या दशकाच्या शेवटी जर्मनीस पोहोचले. तेथेच लग्न झाले, मुले झाली, नागरिकत्वही तेथलेच घेतले. आज वय ऐंशीच्या घरात. हृदय दुर्बळ, खुब्यांची हाडे झिजलेली, आणि रात्रीतून चार वेळा उठावे लागते. परक्या बिछान्यावर झोप नाही, परक्या संडासात बसता येत नाही. गेली पंधरा वर्षे सुट्टीत ते दांपत्य ज्या फिरत्या घरातून युरोपभर हिंडले, त्या घराखेरीज दुसरीकडे रात्र काढणे त्यांना अशक्य झाले होते. इकडे गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र देहाचे दर्शन दहा वर्षांनी पुन्हा खुले होणार होते, आणि रामाकोना पाहिल्याला तर त्याहून अधिक वर्षे लोटली होती. काकू म्हणाल्या, तुला घर सोडवत नसेल तर घरच घेऊन जाऊ.

वाचकहो, घर घेऊन परदेशी जाणे ही कल्पना आपणांस अगदीच अपरिचित नाही. आपल्याकडे बंजाऱ्यांचे तांडे होते. विदर्भात लेकीबाळी छपराच्या दमणीतून माहेरी येत. परंतु समुद्रापलीकडून घर आणायचे म्हणजे आधी ते पेटीत बसले पाहिजे. वीस फुटी कंटेनरचे दार सुमारे २.२८ मीटर उंच आणि २.३४ मीटर रुंद असते. काकांची फोक्सवागन दोन मीटरच्या आत उंच. तिचे छप्पर मुक्कामाच्या वेळी छत्रीसारखे वर उचलले जाते व प्रवासात खाली बसते. रुंदीला आरसे मिटून १.९० मीटर. म्हणजे दोन्ही अंगांस जेमतेम वीतभर जागा. गाडी आत नेणाऱ्यास बाजूचे दार उघडताच येईना. तो मागच्या दाराने सरपटत बाहेर आला, हे काका हसत सांगत होते. गॅसची टाकी आधी काढून ठेवावी लागली, डिझेल अगदी तळाशी, बॅटरी सुटी. शिवाय २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागल्याने पुष्कळ जहाजे आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून येत होती. तेव्हा न्हावाशेवा बंदरात पेटी उतरेपर्यंत गोव्याचा सोहळा चुकतो की काय, अशी काकांना धास्ती लागली होती. तो चुकला नाही. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी दर्शन सुरू झाले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे दोघे जुन्या गोव्यात होते.

पेटीतून गाडी बाहेर आली म्हणजे ती भारतात आली, असे मात्र नव्हे. त्यासाठी एक पुस्तक लागते, त्याचे नाव कार्ने. ते त्या देशाच्या मोटार-संघटनेने द्यायचे. जर्मनीत आडाक ही संघटना देते, आणि गाडीच्या किमतीच्या मानाने अनामत किंवा हमी घेते. पुस्तकाच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. एक गाडी देशात येताना कस्टमवाले फाडून घेतात, एक जाताना, आणि तिसऱ्यावर दोन्ही वेळचे शिक्के उमटून तो पुस्तकातच राहतो. ही व्यवस्था असल्यामुळे जकात न भरता गाडी आत येते. पण ती ठरल्या मुदतीत, आपल्याकडे पाहुण्याच्या गाडीस सहा महिन्यांच्या आत, परत गेलीच पाहिजे. विकता येत नाही, कोणास देता येत नाही. परत गेली नाही तर जकातीचा बोजा हमीवर येतो. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईच्या युखरिस्तिक परिषदेस आले तेव्हा त्यांच्यासाठी अमेरिकेतून एक पांढरी लिंकन मोटार भेट आली होती. ती त्यांनी जाताना मदर तेरेसांना दिली आणि मदरनी तिची सोडत काढून गोरगरिबांसाठी पैसा उभा केला. कार्नेवर आलेल्या गाडीला असे पुण्य करण्याचीही मोकळीक नाही.

काकूंनी आम्हांस गाडी आतून-बाहेरून दाखविली. त्यांचे मराठी मोडके, मध्येच हिंदी, आणि अडले की काकांकडे पाहायचे. पण त्या गाडीविषयी बोलू लागल्या की भाषा अडत नसे. सुकाणू डाव्या हाताला. आपला कायदा अशा गाडीस मनाई करीत नाही, दिशादर्शक दिवे चालू स्थितीत असले पाहिजेत एवढे सांगतो. परंतु आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे चालविणारा रस्त्याच्या कडेला बसतो, आणि पुढच्या ट्रकच्या पलीकडून काय येत आहे ते त्याला दिसत नाही. दिसते ते उजवीकडे बसलेल्यास. तेव्हा गाडी चालवितात सत्तरीच्या काकू, आणि उजवीकडे बसून काका सांगतात, "जा," "थांब." न्हावाशेव्यापासून गोवा आणि गोव्यापासून रामाकोना हा सारा प्रवास दोन जणांच्या मिळून एका नजरेने झाला होता. पुढचे दिवेही उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठी घडविलेले असल्याने त्यांचा झोत आपल्याकडे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाई. त्यावर मुंबईतच काळी पट्टी चिकटवून घेतली. रात्री गाडी चालवायचीच नाही, हा निराळा नियम काकूंनी स्वतःला घालून घेतला होता, आणि तो आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटला.

खरी अडचण निघाली ती दाराची. जर्मनीत पदपथ उजवीकडे, म्हणून घराचे सरकते दार उजवीकडे. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या कडेला लावली की तेच दार वाहत्या रस्त्यावर उघडते. तरुण माणूस उडी मारून बाजूला होईल. काकांना एकेक पाय खाली ठेवायला मिनिट लागते. गोव्याच्या वाटेवर पहिल्याच दिवशी एक टेम्पो त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून गेला. तेव्हापासून काकू कडेला गाडी थांबवीतच नसत. पेट्रोलपंप, शाळेचे पटांगण, देवळाचे आवार, चर्चचे आवार, जेथे पूर्ण आत शिरून दार भिंतीकडे करता येईल तेथेच मुक्काम. तसे ठिकाण मिळेपर्यंत तीस-तीस किलोमीटर पुढे जावे लागले तरी काका निमूट बसून राहत. पायऱ्यांची ती लाकडी चौरंगी सौंसरच्या सुताराने करून दिलेली होती, सागाची, आणि तिला मागे धरायला दांडी. जर्मन घराला एवढाच काय तो आमच्या मुलखातील भाग जोडला गेला होता, आणि काका सर्वांत अधिक त्यावरच विसंबून होते.

स्वयंपाकाचा गॅस हा तर मोठा चमत्कारिक प्रकार. आतल्या शेगडीला ३० मिलिबार दाब लागतो. आपल्या घरगुती रेग्युलेटरमधून मिळणारा दाबही जवळजवळ तेवढाच. पण टाकीचे तोंड आणि रेग्युलेटरचे तोंड एकमेकांशी जुळत नाही. कोणी सांगे, जर्मन टाकीत भारतीय गॅस भरून देतो; कोणी नळी कापून जोडून देण्यास तयार. काका फिटर होते म्हणूनच त्यांनी या सर्वांना हात जोडले. आतली शेगडी बंद करून टाकली आणि पुतण्याकडून एक इंडक्शन शेगडी घेतली. वीज मात्र दोन्ही देशांत सारखी, २३० व्होल्ट आणि ५० आवर्तनांची. (अमेरिकन गाडी असती तर १२० व्होल्ट आणि ६० आवर्तने! ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतील, आवर्तने बदलत नाहीत.) फरक फक्त खटक्याच्या आकाराचा. गाडीला निळा, जाड, तीन खिळ्यांचा प्लग. घरात आपला तीन गोल भोकांचा. पुतण्याने एक निळे सॉकेट मागवून ओसरीच्या भिंतीत बसविले. पण काकांनी टेस्टर लावून पाहिले तर घरातले अर्थिंग नावापुरतेच. गाडी म्हणजे लोखंडी पेटी. तिच्या अंगात वीज उतरली तर दाराला हात लावणारा गेला. त्यांनी पुतण्याकडून विहिरीजवळ खड्डा खणविला, सळई उभी करून मीठ आणि कोळसा भरला, आणि त्यावर रोज एक बादली पाणी ओतण्याचे काम घरातील धाकट्या मुलाकडे दिले.

डिझेलची चिंता नव्हती. २०२० च्या एप्रिलपासून आपल्या देशभर बीएस-सहा प्रतीचे इंधन मिळते, त्यातील गंधक जर्मनीतल्याइतकेच कमी. या नव्या इंजिनांना धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचे पाणी निराळे पाजावे लागते, शंभरात साडेबत्तीस भाग युरिया. हे ऐकून शेजारचे एक बागाईतदार म्हणाले, "बाप्पा, आम्ही सोसायटीत रांगा लावून राह्यलो, अन् जर्मन गाडी बी युरियाच पिऊन राह्यली!" आतल्या संडासाचा डबा सुदैवाने औषध न घालता वापरता येतो. औषध घातले तर घरच्या सेप्टिक टाकीतील जंतू मरतात आणि टाकी नासते, हेही काकांना ठाऊक होते. गाडीत थंडीसाठी डिझेलवर चालणारी शेगडीही आहे. रामाकोन्यात ती एकदाही पेटली नाही.

आम्हांस वाटले, हे दांपत्य काही अपूर्व करीत आहे; पण काकांनीच आमची समजूत दुरुस्त केली. १९५७ च्या एप्रिलात लंडनहून इंडियामन नावाची बस वीस प्रवाशांना घेऊन निघाली आणि जूनमध्ये कलकत्त्यास पोहोचली. १९६३-६४ मध्ये अमेरिकन लोकांचा एअरस्ट्रीम घरगाड्यांचा तांडा जहाजाने सिंगापूरला उतरून भारतातून लिस्बनपर्यंत गेला. पुढे तरुणांच्या रंगीत फोक्सवागन गाड्या तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून गोव्याच्या हणजुण्याला येत. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि ती वाट आटली. काकांनी अशा मोडक्या गाड्या जर्मनीत दुरुस्त करून पाठविल्या होत्या. स्वतः यायला मात्र त्यांना ऐंशी वर्षे लागली.

"आमच्या बापाच्या गाडीला हे जमलं नाही, फादर," ते म्हणाले. "अडीच फुटी रूळ. नागपुरात मोठ्या गाडीशी गाठ पडली की पोती उतरायची, माणसं उतरायची, डबा अलीकडंच राहायचा." ७६२ मिलिमीटरची ती छोटी गाडी २०१५ च्या अखेरीस बंद झाली. आता त्याच वाटेवर १६७६ मिलिमीटरचे रूळ आहेत, आणि छोट्या गाडीची इंजिने पाहायची तर मोतीबागच्या संग्रहालयात जावे लागते. काका तेथे जाऊन आले होते. ज्या ठिकाणी हाताने काम केले ते ठिकाण तिकीट काढून पाहताना कसे वाटले, हे आम्ही विचारले नाही.

आता ज्यासाठी आम्हांस बोलाविले होते ते सांगतो. जानेवारीत काकांना धाप लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून, दूरचा प्रवास टाळावा, असे सांगितले. तेव्हापासून काकांनी धरून ठेवले की आपण परत जायचे नाही. पुस्तकातील मुदत एप्रिलमध्ये संपत होती. त्या दिवशी घरातील तिघांनी आम्हांस एकेकटे गाठले. पुतण्या बागेत नेऊन म्हणाला, "फादर, तुम्ही सांगा ना जी त्यांना. रात्री-बेरात्री काही झालं तर नागपूर गाठाले दोन तास लागते. मी कसं करू?" काका म्हणाले, तिला सांगा, गाडी येथेच राहू दे, भरू काय ती जकात. काकूंनी काहीच मागितले नाही. त्या एवढेच म्हणाल्या की तेथे नातवंडे आहेत, आणि येथून बंदरापर्यंत मला दिसणार कसे?

खरे सांगावयाचे तर आमचा कल पुतण्याकडे होता. सेमिनरीत आम्हांस पुष्कळ शिकविले, पण ज्याला ऐंशी वर्षांनी आपले गाव सापडले त्यास विमानात बस म्हणून कसे सांगावे, हे शिकविले नाही. रात्री रोझरी झाल्यावर सर्व जण ओसरीवर बसले. काका तावातावाने बोलत होते की गाडी गेली म्हणजे मीही गेलो. पंधरा वर्षे मी तिच्याशिवाय नीट झोपलो नाही. काकूंनी आतून ते पुस्तक आणले. पहिले पान उघडून त्यावर बोट ठेवले आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "इथे गाडीचा नंबर. तुझा नंबर नाही." मग जर्मनमध्ये बराच वेळ बोलल्या. काकांनी त्यातले आम्हांस सांगितले ते इतकेच: गाडी ती स्वतः बंदरावर पोहोचवील, तेथून विमानाने मुलांकडे जाईल, आणि पावसाळ्याआधी येथे परत येईल. तोवर त्यांनी घरात झोपायला शिकायचे.

दुसऱ्या दिवसापासून सुताराला पुन्हा बोलावणे गेले. गाडीतील गादीची उंची मोजून तेवढीच खाट, तिला हाताशी दांडी, आणि शेजारी खुर्चीचा संडास. पहिल्या तीन रात्री काका पहाटे उठून गाडीत जाऊन झोपले. चौथ्या रात्री गेले नाहीत, असे पुतण्याने दूरध्वनीवर कळविले.

मार्चच्या मध्यास आम्ही पुन्हा गेलो, ते काकूंना निरोप द्यायला. समृद्धी महामार्ग तेव्हा नागपूरपासून इगतपुरीपर्यंत खुला होता. त्यावर समोरून वाहन येत नाही, म्हणून तेथे डाव्या सुकाणूचे विशेष भय नाही. भय होते ते रामाकोना ते नागपूर एवढ्याच तुकड्याचे. उजवीकडच्या आसनावर पुतण्याला बसवावे तर २०२२ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे परदेशी नोंदणीच्या अशा गाडीतून स्थानिक प्रवासी नेता येत नाही, आणि काकू नियमाबाहेर एक पाऊल टाकायला तयार नाहीत. तेव्हा काकांनी पेटीतून वडिलांच्या दोन झेंड्या काढल्या, एक लाल, एक हिरवी, दोन्हींचा रंग विटलेला. पुतण्याची जीप पुढे, तिच्या मागच्या बाकावर झेंड्या घेऊन कोणीतरी, आणि मागून काकू. पुढचा रस्ता मोकळा असेल तर हिरवी, नसेल तर लाल. घरातील मुलाची त्या दिवशी परीक्षा होती. म्हणून झेंड्या आमच्या हाती आल्या.

निघताना काका चौरंगीवर बसून होते. काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढला, त्यांनी तो धरला, आणि मग हातानेच "जा" अशी खूण केली. पांढऱ्या झग्यातील धर्मगुरू जीपच्या मागे बसून झेंड्या हलवीत आहे, हे दृश्य सौंसरच्या बाजारातील लोकांनी पोटभर पाहिले. संत्र्यांचे ट्रक समोरून येत होते, लाल झेंडी धरून आमचा खांदा दुखू लागला, आणि सावनेरपर्यंत हिरवी दाखविण्याची संधी आम्हांस फक्त सात वेळा आली. प्रत्येक वेळी पुढे निघून गेल्यावर काकू एकदा हॉर्न वाजवीत. नागपुरात त्यांनी आमच्या हातून झेंड्या मागून घेतल्या व समोरच्या काचेपाशी ठेवल्या.

दहा दिवसांनी पुतण्याच्या दूरध्वनीवर कार्नेच्या त्या पानाचे छायाचित्र आले. आम्ही तेव्हा रामाकोन्यातच होतो. काकांनी त्या दिवशी घरी मिस्सा करविला होता. त्यांनी चष्मा लावून चित्र मोठे करून पाहिले. आतला शिक्का, बाहेरचा शिक्का, तारीख. "दोन्ही स्पष्ट उमटलेत," ते म्हणाले. मग पुतण्यास हाक मारून ओसरीवरचे निळे सॉकेट काढून ठेवण्यास सांगितले.

"आणि ती सळई, काका?"

"ती राहू दे. विहिरीच्या पंपाला कामाची आहे. पाणी मात्र रोज घालत जा."